हृदयाच्या लयीवरील गोळी आणि शरीरातील तिचा मुक्काम

हृदयाच्या लयीवर काम करणारी औषधे एका मूलभूत बाबतीत इतर औषधांपेक्षा वेगळी आहेत. हृदयाचा प्रत्येक ठोका अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, भिंतीत उगम पावणाऱ्या सूक्ष्म विद्युतसंदेशामुळे पडतो आणि सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण स्नायूपेशींच्या आवरणातील अतिसूक्ष्म मार्गांतून ये-जा करतात, म्हणून हा संदेश पुढे सरकत जातो. लय बिघडली, म्हणजेच वैद्यकीय परिभाषेत अ‍ॅरिथमिया झाला, की औषध यांपैकी एखादा मार्ग अंशतः अडवून धरते. परंतु बिघडलेला संदेश आणि निरोगी संदेश एकाच वाटेने जात असल्याने जे औषध बिघाडाला आवर घालते, तेच प्रसंगी निरोगी ठोक्यालाही मंद करते किंवा नवाच बिघाड उत्पन्न करते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके औषधाने दाबले तर रुग्णाचे आयुष्य वाढेल, ही एके काळी सर्वमान्य समजूत होती. अमेरिकेतील ‘कास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ते ठोके दाबले खरे, पण ही औषधे घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळल्याने १९८९ साली चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. लयीवरील औषध देताना डॉक्टर वारंवार ईसीजी काढतात, रक्ततपासणी सांगतात आणि मात्रेत काटेकोरपणा ठेवतात, त्यामागे हा अनुभव आहे.

या औषधांचे प्रकार अनेक आहेत. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर नाडी मंद करतात, दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकतात आणि मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर अचानक उतरली असता होणारी छातीतील धडधड झाकून टाकतात, त्यामुळे अशा रुग्णाने दरदरून सुटणारा घाम ही खूण लक्षात ठेवावी लागते. शिवाय ही गोळी एकाएकी बंद केल्यास हृदयाचे ठोके व छातीतील दुखणे उसळून वर येते. व्हेरापामिल आणि डिल्टिआझेम यांनी बद्धकोष्ठ होतो किंवा पाय सुजतात. सोटॅलॉल मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडे दुबळी असतील तर ते शरीरात साठत जाते. या सर्वांचे दुष्परिणाम मुख्यतः हृदय आणि रक्ताभिसरण यांच्या परिघात राहतात. अमिओडॅरोनचे तसे नाही. हे औषध लयीच्या गंभीर बिघाडांवर अत्यंत प्रभावी आहे, हृदयाचा स्नायू दुबळा झालेल्या रुग्णालाही बहुधा देता येते आणि म्हणूनच ते मोठ्या प्रमाणात लिहून दिले जाते. मात्र त्याचे परिणाम फुफ्फुसे, थायरॉइड, यकृत, डोळे, त्वचा आणि मज्जातंतू असे सर्वदूर पोहोचतात. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने याच औषधाभोवती केले आहे.

अमिओडॅरोनचे मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरात उगवणाऱ्या खेला नावाच्या वनस्पतीशी जोडलेले आहे. मुतखड्याच्या कळांवर इजिप्तमध्ये परंपरेने वापरल्या जाणाऱ्या या वनस्पतीतील खेलिन या द्रव्यापासून प्रेरणा घेऊन बेल्जियममधील संशोधकांनी १९६१ च्या सुमारास हे औषध तयार केले आणि आरंभी ते हृदयशूळावर, म्हणजे श्रमाने छातीत येणाऱ्या कळेवर, वापरले गेले. लयीवरील त्याचा गुण पुढे १९७० च्या दशकात स्पष्ट झाला. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९८५ साली त्याला मान्यता दिली ती निलयांच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या, जिवावर बेतणाऱ्या बिघाडापुरती. प्रत्यक्षात अलिंदांची अनियमित फडफड, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, या कितीतरी अधिक प्रमाणात आढळणाऱ्या विकारावरही ते आज सर्रास वापरले जाते.

या रेणूची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली की त्याचे जवळजवळ सगळे दुष्परिणाम उलगडतात. पहिले असे की, त्याच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा आहे. दुसरे असे की, ते चरबीत सहज विरघळते, त्यामुळे रक्तातून ते चरबी, यकृत, फुफ्फुसे आणि त्वचा यांत जाऊन ठाण मांडते व तेथून अतिशय सावकाश बाहेर येते. औषधाचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. साध्या पॅरासिटामॉलसाठी हा काळ दोन-तीन तासांचा, तर अमिओडॅरोनसाठी सरासरी ५८ दिवसांचा असून तो व्यक्तीनुसार १५ पासून १४२ दिवसांपर्यंत कमी-अधिक होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की आज सुरू केलेली गोळी आज पूर्ण काम करीत नाही आणि आज बंद केलेली गोळी आज शरीर सोडत नाही. रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय यांना सर्वांत आधी हीच गोष्ट समजावून सांगायला हवी, पण घाईच्या तपासणीत नेमकी हीच सांगायची राहून जाते.

शरीराचे हे कोठार भरण्यासाठी आरंभी मात्रा मोठी ठेवावी लागते. एक प्रचलित पद्धत अशी आहे की २०० मिलिग्रॅमची गोळी पहिला आठवडा दिवसातून तीनदा, दुसरा आठवडा दोनदा आणि त्यानंतर एकदाच घ्यावी; काही रुग्णांना पुढे १०० मिलिग्रॅमवरही ठेवता येते. चिठ्ठीवर हे ‘१-१-१’, ‘१-०-१’ आणि ‘१-०-०’ अशा आकड्यांत लिहिलेले असते आणि चूक होते ती नेमकी येथे. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिली पट्टी संपते, दुकानात जुनीच चिठ्ठी दाखवली जाते, तिच्यावरील पहिली ओळ वाचून औषध दिले जाते आणि आठवडाभरासाठी असलेली मोठी मात्रा महिनोन्महिने चालू राहते. फुफ्फुसांचा धोका मात्रेबरोबर वाढत असल्याने ही चूक किरकोळ समजता येत नाही. घरी येताच प्रत्येक टप्पा कोणत्या तारखेला सुरू होतो व कोणत्या तारखेला संपतो, हे आकड्यांऐवजी अक्षरांत लिहून कॅलेंडरवर मांडावे, आणि ‘आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सोडून’ अशी सूचना असेल तर ती नेमक्या कोणत्या गोळीसाठी आहे, हे विचारून घ्यावे. अशी सूचना डिगॉक्सिन या हृदयावरील दुसऱ्या गोळीसाठीही दिली जाते आणि दोन्ही गोळ्या चालू असणाऱ्या घरात सुट्टी भलत्याच गोळीला मिळण्याचा संभव असतो.

फुफ्फुसे: खोकल्याकडे पाहण्याची रीत

अमिओडॅरोनचा सर्वांत गंभीर दुष्परिणाम फुफ्फुसांवर होतो. औषध व त्याचे विघटित अंश फुफ्फुसांच्या पेशींत साठतात, वायुकोशांच्या पातळ भिंतींना सूज येते आणि ही सूज दीर्घकाळ टिकल्यास तेथे व्रणासारखी कठीण ऊती तयार होते, जी पूर्वपदावर येत नाही. दिवसाला ४०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा काही महिने घेणारे, वयोवृद्ध आणि आधीच फुफ्फुसांचा आजार असलेले रुग्ण यांना हा धोका अधिक असतो, तथापि कमी मात्रेवरही तो पूर्णपणे टळत नाही. त्याची सुरुवात बहुधा कोरडा खोकला, जिना चढताना पूर्वी न लागणारा दम, बारीक ताप, भूक मंदावणे आणि वजन घटणे अशा लक्षणांनी होते.

यातील अडचण वाचकाच्या लक्षात आलीच असेल. ही लक्षणे महाराष्ट्रातील कोणत्याही दवाखान्यात सांगितली तर पहिला विचार क्षयरोगाचा होतो आणि तो तसा होणे योग्यच आहे. दुसरा विचार हृदय दुबळे होऊन फुफ्फुसांत पाणी साचल्याचा होतो आणि तोही रास्त असतो, कारण रुग्ण हृदयाचाच असतो. तिसरा विचार रक्तदाबावरील रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी येणाऱ्या कोरड्या खोकल्याचा असतो. या तीन दाट शक्यतांच्या मागे चौथी दडून राहते, आणि खोकल्याच्या बाटल्या, प्रतिजैविकांचा एक फेर, मग दुसरा फेर असे करीत दोन-तीन महिने निघून जातात. रुग्णाने येथे करायचे काम एकच, पण मोलाचे आहे. खोकला किंवा दम दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना लक्षणे सांगण्याच्या आधीच ‘अमिओडॅरोन अमुक महिन्यापासून, अमुक मात्रेत चालू आहे’ हे वाक्य सांगावे आणि गोळीची पट्टी समोर ठेवावी. एवढ्याने छातीच्या क्ष-किरण चित्राकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि गरजेप्रमाणे उच्च सुस्पष्टतेचा सीटी स्कॅन व वायुप्रसरण चाचणी, म्हणजे फुफ्फुसांतून रक्तात वायू किती सहजतेने झिरपतो याचे मापन, वेळेवर होऊ शकते.

निदान झाल्यास औषध बंद केले जाते आणि अनेकदा स्टेरॉइडच्या गोळ्या काही महिने द्याव्या लागतात. हा काळ लांबतो याचेही कारण तोच प्रदीर्घ मुक्काम होय: गोळी थांबली तरी फुफ्फुसांतील साठा हळूहळूच ओसरतो आणि स्टेरॉइड लवकर आवरते घेतल्यास सूज पुन्हा डोके वर काढते. औषध सुरू करण्यापूर्वी काढलेले छातीचे क्ष-किरण चित्र जपून ठेवणे या दृष्टीने अत्यंत उपयोगी ठरते, कारण दोन वर्षांनंतरच्या चित्रात दिसणारी छटा नवी आहे की जुन्या क्षयरोगाचा वण आहे, याचा निर्णय त्या पहिल्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय करता येत नाही.

थायरॉइड आणि आयोडीनचा हिशोब

प्रौढ व्यक्तीला दिवसाकाठी सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन बांधलेले असते आणि त्यातील दहावा भाग जरी मोकळा झाला, तरी तो रोजच्या गरजेच्या चाळीस-पन्नास पट भरतो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला हा भडिमार सोसावा लागतो आणि तिची प्रतिक्रिया दोन परस्परविरुद्ध प्रकारची असू शकते. काही रुग्णांत ग्रंथी मंदावते: थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, चेहरा सुजल्यासारखा दिसणे, वजन वाढणे ही लक्षणे दिसतात. काहींत ती अतिसक्रिय होते: वजन उतरते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते आणि मुख्य म्हणजे ताब्यात आलेली हृदयाची लय पुन्हा बिघडते.

मंदावलेल्या ग्रंथीवरील उपाय तुलनेने सोपा आहे. अमिओडॅरोन चालू ठेवूनही थायरॉक्सिनची गोळी देता येते. अतिसक्रियता मात्र गंभीर असते आणि तिचे निदान अवघड असते, कारण सोबत बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून राहतात. अशा वेळी विनाकारण घटणारे वजन हीच कधीकधी एकमेव खूण उरते, म्हणून घरात वजनकाटा असल्यास दर महिन्याला एकाच वेळी वजन करून ते लिहून ठेवण्याची सवय फार उपयुक्त आहे. लय बराच काळ नीट राहून एकाएकी बिघडली, तर गोळी वाढवण्याआधी थायरॉइडची तपासणी झाली पाहिजे, असा आग्रह रुग्णाच्या कुटुंबीयांनी निःसंकोच धरावा.

तपासणीबाबत एक खुलासा आवश्यक आहे. औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच, म्हणजे मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून थायरॉइडला जाणारा आदेश, थोडा वाढलेला दिसणे स्वाभाविक असून पुढे तो बहुधा स्थिरावतो. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये. आयोडीनयुक्त मीठ बंद करावे का, असेही अनेकदा विचारले जाते. गोळीतून मिळणाऱ्या आयोडीनच्या तुलनेत मिठातील आयोडीन नगण्य असल्याने ते बंद करून काही साधत नाही, उलट घरातील मुले आणि गरोदर स्त्रिया यांचे मात्र नुकसान होते.

डोळे, त्वचा, यकृत, मज्जातंतू

दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्या जवळजवळ सर्वांच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्यावर, भोवऱ्याच्या आकाराचे सूक्ष्म कण साचतात. बहुतेकांना ते जाणवतही नाहीत. काहींना रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती निळसर किंवा हिरवट वलय दिसते. हे कण औषध थांबल्यावर हळूहळू विरतात आणि केवळ त्यांच्यामुळे औषध बंद करण्याची गरज नसते. परंतु एका किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी अंधुक होऊ लागली, नजरेचा एखादा भाग झाकल्यासारखा वाटला, तर दृष्टिमज्जेवर परिणाम झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. ‘मोतीबिंदू असेल, पावसाळ्यानंतर पाहू’ असे म्हणून हे पुढे ढकलणे धोक्याचे आहे.

त्वचा उन्हाला अतिसंवेदनशील होते, थोड्या उन्हानेही ती लाल होऊन झोंबते आणि वर्षानुवर्षे मोठी मात्रा घेणाऱ्या काही जणांच्या चेहऱ्याला निळसर करडी छटा येते. ही संवेदनशीलता मुख्यतः सूर्यप्रकाशातील अशा अतिनील किरणांशी निगडित आहे की जे साध्या काचेतूनही आरपार येतात. त्यामुळे एसटीच्या खिडकीशी बसून केलेल्या दोन-तीन तासांच्या प्रवासानंतर खिडकीकडचा हात चुरचुरावा आणि दुसरा ठीक असावा, असे घडू शकते. शेतावर काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून मानेपर्यंत येणारा पंचा वापरावा. मलम वापरायचे झाल्यास झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले निवडावे.

यकृतातील विकरांचे प्रमाण वाढणे ही सामान्यतः आढळणारी बाब आहे. ते निरोगी मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट झाले तर मात्रा घटवावी किंवा औषध थांबवावे लागते. मद्यपान करणाऱ्याने ते लपवू नये. हात थरथरणे, पायांना मुंग्या येणे, चाल अस्थिर होणे हे परिणाम वृद्धांमध्ये वयाच्या नावावर सोडून दिले जातात आणि मग एखाद्या रात्री न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते. ही लक्षणे बहुधा मात्रा कमी केल्यावर सुधारतात, म्हणून ती सांगितलीच पाहिजेत.

एकत्र घेतलेल्या औषधांचा धोका

अमिओडॅरोन यकृतातील ज्या विकरांना मंद करते, त्याच विकरांवर अनेक औषधांचे विघटन अवलंबून असते. त्यामुळे सोबतची औषधे त्यांची मात्रा न वाढवताही शरीरात वाढतात. भारतात संधिवाती ज्वरामुळे हृदयाच्या झडपा अरुंद झालेल्या आणि त्यातून एट्रियल फिब्रिलेशन जडलेल्या रुग्णांची संख्या मोठी आहे, आणि अशा रुग्णांना रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल दिले जाते. अमिओडॅरोन जोडल्यावर वॉरफेरिनची मात्रा सामान्यतः एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करावी लागते, आणि हा परिणाम एका दिवसात न होता कित्येक आठवडे वाढत जातो. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्यास लागणारा काळ दर्शवणारा निर्देशांक, या काळात दर आठवड्याला तपासावा. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, कारण नसताना उमटणारे निळे डाग ही लक्षणे दिसताच थांबू नये. मेथी, पालक या भाज्या बंद करण्याची गरज नाही. त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व वॉरफेरिनच्या विरुद्ध काम करीत असल्याने आठवड्यातील त्यांचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे, म्हणजे मात्रा त्यानुसार बसते.

येथे एक गैरसमज दूर करणे निकडीचे आहे. अमिओडॅरोन रक्त पातळ करीत नाही. लय पूर्ववत झाली, छातीतील धडधड थांबली, म्हणून गुठळीविरोधी गोळी परस्पर बंद करणारे रुग्ण पक्षाघाताला आमंत्रण देतात, कारण तो धोका लय सुधारल्यानंतरही बहुतेकांत शिल्लक असतो.

डिगॉक्सिन हे फॉक्सग्लव्ह या वनस्पतीपासून मिळणारे औषध असून विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याने १७८५ साली त्या वनस्पतीवर लिहिलेल्या ग्रंथापासून त्याचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो. त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे आणि अमिओडॅरोनमुळे ते रक्तात वाढते, म्हणून दोन्ही एकत्र देताना डिगॉक्सिन सहसा निम्मे केले जाते. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, गोंधळलेपणा, वस्तूंना पिवळसर-हिरवट झाक दिसणे ही त्याच्या अतिरेकाची चिन्हे होत. जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरले, तर हा धोका आणखी बळावतो. पिवळ्या कण्हेरीतही, जिला बिट्टी म्हणतात, याच जातीची हृदयावर काम करणारी अत्यंत विषारी द्रव्ये असतात, त्यामुळे ‘हृदयासाठी झाडपाला’ म्हणून कोणी काही दिल्यास ते तोंडात घालू नये. ज्येष्ठमधाचा काढा निरुपद्रवी मानला जातो, पण तो नियमित घेतल्यास पोटॅशियम कमी करतो आणि लयीच्या रुग्णाला ते परवडणारे नसते.

ईसीजीवरील क्यूटी अंतर म्हणजे निलयांची विद्युतक्रिया सुरू झाल्यापासून ते पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सिद्ध होईपर्यंतचा काळ. हे अंतर फार लांबले, नाडीच्या गतीनुसार दुरुस्त करून ५०० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेले, तर निलयांची प्राणघातक फडफड सुरू होऊ शकते. अमिओडॅरोन हे अंतर लांबवते. एकट्याने त्यापासून अपाय क्वचित होतो, पण तसाच गुण असलेले दुसरे औषध जोडले गेले की गणित बिघडते. चिंतेची बाब अशी की ही दुसरी औषधे साधी समजली जातात आणि पुष्कळदा चिठ्ठीविना मिळतात. घसा दुखतो म्हणून दुकानातून आणलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या, जुलाबावर घेतलेले सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध, उलटीवर ऑन्डॅनसेट्रॉन, बुरशीवर फ्लुकोनाझोल ही त्यांपैकी काही. सर्वांत दुर्लक्षित आहे ते डोम्परिडोन, कारण ते स्वतंत्रपणे न दिसता पित्ताच्या जोडकॅप्सूलमध्ये दडलेले असते आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून रोज सकाळी घेतले जाते. पित्तासाठी नुसते पँटोप्राझोल पुरत असेल तर जोडगोळी का घ्यायची, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन अमिओडॅरोनसोबत २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, अन्यथा स्नायूंची झीज होण्याचा धोका असतो. मांड्या-दंड दुखून लघवी चहासारखी गडद झाल्यास त्वरित सांगावे. ग्रेपफ्रूटच्या रसाने अमिओडॅरोनचे रक्तातील प्रमाण वाढते. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते लिंबूवर्गातील मोठे फळ आहे आणि कोकणात गणपतीच्या दिवसांत घरोघरी दिसणारे पपनस त्याचे निकटचे नातलग असून त्यातही तशीच द्रव्ये असतात, म्हणून ही गोळी चालू असेपर्यंत पपनसही टाळणे श्रेयस्कर.

नोंदवही आणि रोजचा व्यवहार

औषध सुरू होण्यापूर्वी ईसीजी, छातीचे क्ष-किरण चित्र, थायरॉइड व यकृताच्या तपासण्या, पोटॅशियम, आणि शक्य असल्यास फुफ्फुसांची कार्यक्षमता व डोळे तपासून घ्यावेत. त्यानंतर थायरॉइड व यकृत दर सहा महिन्यांनी, ईसीजी व छातीचे चित्र साधारण वर्षातून एकदा पाहिले जाते. हे वेळापत्रक पाळण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोणा एकावर नसते. हृदयतज्ज्ञ शहरात, नेहमीचे डॉक्टर गावात, नेत्रतज्ज्ञ तिसरीकडे आणि रुग्ण कधी मुलाकडे पुण्याला, कधी मुलीकडे नाशिकला, अशी स्थिती असल्यामुळे सर्व अहवाल रुग्णासोबतच फिरले पाहिजेत. शंभरपानी साध्या वहीच्या पहिल्या पानावर औषधाचे मूळ नाव, मात्रा व सुरू केल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी, प्रत्येक तपासणीचा आकडा तारखेसह उतरवावा आणि वही औषधांच्या डब्यातच ठेवावी. दाताच्या डॉक्टरांपासून भूलतज्ज्ञापर्यंत प्रत्येकाला ती दाखवावी. शस्त्रक्रियेपूर्वी गोळी आपण होऊन दोन दिवस बंद करण्याने काहीही साधत नाही, कारण औषध शरीरातच असते. भूलतज्ज्ञाला ते माहीत असणे महत्त्वाचे.

नाडी मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजावी. अनियमित लयीत पंधरा सेकंद मोजून चाराने गुणल्यास आकडा फसवा येतो. विश्रांतीत ती पन्नासच्या खाली जाऊ लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर डॉक्टरांशी लगेच संपर्क साधावा. रुग्ण बेशुद्ध पडला किंवा धडधडीसोबत छातीत दुखू लागले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अन्नासोबत हे औषध अधिक शोषले जाते आणि मळमळही कमी होते, म्हणून ते रोज एकाच पद्धतीने, शक्यतो जेवणानंतर घ्यावे. एकादशी-चतुर्थीलाही ते रिकाम्या पोटी न घेता फराळानंतर घ्यावे. एखादी मात्रा चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. या औषधाचा साठा इतका मोठा असतो की एका दिवसाच्या खंडाने सहसा बिघडत नाही. बीटा ब्लॉकर किंवा गुठळीविरोधी औषध यांना मात्र ही सवलत लागू नाही. दुष्परिणाम झाल्याची शंका आल्यास रुग्णालाही भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याची नोंद करता येते.

गर्भावस्थेत या औषधातील आयोडीन बाळाच्या थायरॉइडवर परिणाम करते आणि ते आईच्या दुधातही उतरते, म्हणून अपत्याचा विचार असलेल्या स्त्रीने आधी कित्येक महिने हा विषय डॉक्टरांजवळ काढावा. गर्भ राहिल्यावर गोळी थांबवणे उशिराचे ठरते.

औषध बंद झाल्यावर वही मिटून ठेवू नये. खोकला, वजनातील फरक, थायरॉइडचे विकार त्यानंतरही काही महिने उद्भवू शकतात, अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या औषधांविषयीची सावधगिरी तितकाच काळ पाळावी लागते, आणि यकृतदाहाच्या ‘सी’ प्रकारावरील सोफोसबुव्हिर हे औषध देताना अलीकडे अमिओडॅरोन घेतले होते का, हे पाहिले जाते, कारण या दोन्हींच्या संयोगाने नाडी धोकादायकरीत्या मंदावल्याचे आढळले आहे. वॉरफेरिन घेणाऱ्याच्या बाबतीत गणित आता उलट दिशेने चालते: अमिओडॅरोन जसजसे शरीरातून ओसरते, तसतशी कमी केलेली वॉरफेरिनची मात्रा अपुरी पडू लागते आणि आयएनआर हळूहळू खाली घसरतो. म्हणून बंद केल्याची तारीख वहीत लाल शाईने लिहावी आणि तिच्यापुढे पुढील तीन-चार महिन्यांच्या आयएनआर तपासणीच्या तारखा त्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.